सोसायटीच्या ड्रेनेजचं पाणी तपासून कोण ड्रग्ज घेतं ते कळतं का?

इंदिरानगरकर

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा विचित्र आहे, हसू नका. आमची सोसायटी नाशिकच्या इंदिरानगरला, ४८ फ्लॅट, त्यातले दहाबारा भाड्याने दिलेले, बहुतेक कॉलेजची पोरं आणि दोनतीन आयटीवाले. मी यंदाचा सेक्रेटरी, म्हणजे पाणी नाही आलं तरी मीच आणि लिफ्ट बंद पडली तरी मीच. परवाच्या मीटिंगला आमचे चेअरमन काका मोबाईल घेऊन उभे राहिले आणि म्हणाले की युरोपात गटाराचं पाणी तपासून कुठल्या शहरात किती कोकेन घेतात ते काढतात, मग आपण आपल्या मागच्या चेंबरचं पाणी लॅबला का नाही पाठवायचं? २०२३ मध्ये शिंदे गावात एमडी ड्रग्जचा कारखाना पकडला ना, तेव्हापासून काकांना रात्री दहानंतर गेटमधून आत येणारं प्रत्येक पोरगं संशयित वाटतं. गंमत म्हणजे निम्म्या लोकांनी हात वर केले, फ्लॅटमागे पाचशे रुपये काढायचंसुद्धा ठरत आलं होतं, मीच कसंबसं पुढच्या मीटिंगवर ढकललं.

तर असं खरंच होतं का, की व्हॉट्सॲपचं फॉरवर्ड आहे? होत असेल तर ४८ फ्लॅटच्या चेंबरवरून काही कळेल का? आणि खरं सांगू, मला भीती ही आहे की काहीतरी निघालंच तर पुढे काय करायचं. माझा स्वतःचा पोरगा सेकंड इयरला आहे, त्याचे मित्र येतात जातात.

सातपूर_शिफ्ट

फॉरवर्ड नाहीये सेक्रेटरी साहेब, पक्कं शास्त्र आहे. मी फार्मा कंपनीत क्यूसीला, म्हणजे मालाची गुणवत्ता तपासायला आहे, ज्या मशीनवर हे करतात तसल्याच मशीनवर रोज बसतो, फक्त आमच्याकडे गटाराऐवजी गोळ्या असतात, म्हणून जरा लांबण लावतो.

मूळ कल्पना अमेरिकेच्या पर्यावरण खात्यातल्या क्रिश्चन डॉटन यांची, २००१ सालची. माणूस जे घेतो त्याचा काही भाग शरीर मोडून टाकतं आणि लघवीतून बाहेर काढतं, लघवी गटारात जाते, म्हणजे गटार हा अख्ख्या गावाचा एकत्र युरिन सँपल झाला. मग २००५ ला मिलानच्या मारिओ नेग्री इन्स्टिट्यूटमध्ये एत्तोरे झुकाटो आणि मंडळींनी इटलीच्या पो नदीचं पाणी तपासलं. त्या नदीच्या खोऱ्यात साधारण ५० लाख माणसं. नदीतून रोज सुमारे ४ किलो कोकेनइतका माल वाहतोय असं निघालं, १०० मिलिग्रॅमचा एक डोस धरला तर दिवसाला ४०,००० डोस. सरकारी अंदाज होता की महिन्यातून एकदा तरी घेणारे तिथे १५,००० असतील. म्हणजे सर्व्हेत लोक काय सांगतात आणि नदी काय सांगते यात केवढा फरक बघा.

आता यातली मेख अशी की ते नुसतं कोकेन मोजत नाहीत. कोकेन तर कोणी पोलिसांच्या भीतीने संडासात ओतलं तरी पाण्यात सापडणार. ते मोजतात बेंझॉइलएकगोनिन, म्हणजे कोकेनचं लिव्हरमध्ये मोडून झालेलं रूप. ते जास्त सापडलं म्हणजे माल कोणाच्या तरी अंगातून गेलाय. घेतलेल्या कोकेनपैकी सरासरी तीस टक्क्यांच्या आसपासच या रूपात लघवीत येतं, म्हणून सापडलेल्या आकड्याला उलटा गुणाकार करतात, ३.५९ वगैरे.

हिशोब करून दाखवतो, आकडे मनाचे आहेत, नाशिकचे नाहीत, उगाच स्क्रीनशॉट फिरवू नका. समजा एका प्लांटला १० लाख लोकांचं १०० एमएलडी मैलापाणी येतं, म्हणजे दिवसाला १० कोटी लिटर. एका लिटरमध्ये ३०० नॅनोग्रॅम बेंझॉइलएकगोनिन सापडलं. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. ३०० नॅनोग्रॅम गुणिले १० कोटी लिटर, झाले ३० ग्रॅम. गुणिले ३.५९, झालं १०८ ग्रॅम कोकेन. भागिले १० लाख माणसं, म्हणजे दर हजार माणसांमागे दिवसाला १०८ मिलिग्रॅम. साधारण हजारात एक डोस. बस, एवढंच. पण हा एक डोस एकाच माणसाने रोज घेतला की तीस माणसांनी महिन्यातून एकदा एकदा, हे पाणी कधीच सांगणार नाही. किती माल गेला ते कळतं, किती तोंडांत गेला ते नाही.

तुमच्या ४८ फ्लॅटचं म्हणाल तर १५०-२०० माणसांचं पाणी. त्यात एका घरी लग्नाचे पाहुणे आले, एक कुटुंब गावी गेलं, तरी आकडा इकडचा तिकडे. तुम्ही बाटली भरायच्या दहा मिनिटं आधी कोणी फ्लश केला यावर रिझल्ट ठरेल. मोठ्या शहरात लाखो फ्लश एकमेकांत मिसळतात म्हणून सरासरीला अर्थ येतो, तुमच्या चेंबरात मिसळायला आहेच काय.

आणि खर्च. मशीनचं नाव एलसी-एमएस-एमएस, किंमत कोटीच्या पुढे. पाणी गाळायचं, कार्ट्रिजमधून ओढून माल गोळा करायचा, मग मशीनला द्यायचा. तुलना करायला स्टँडर्ड, म्हणजे त्याच ड्रगचा शुद्ध नमुना लागतो, आणि कोकेन-एमडीचं स्टँडर्ड हे कायद्याने ड्रग्जच, ते ठेवायला परवाने लागतात. त्यामुळे नाक्यावरच्या वॉटर टेस्टिंग लॅबने "हो हो करून देतो" म्हटलं तर समजा की काका फसले.

भद्रकालीचा_भाऊ

आधी चेअरमन काकांच्या फ्लॅटचं सँपल घ्या. शुगरची, बीपीची, ॲसिडिटीची, झोपेची, सगळी कुंडली निघेल 😂

सातपूर_शिफ्ट

@भद्रकालीचा_भाऊ तू चेष्टा केलीस पण खरंच निघेल. मेटफॉर्मिन, म्हणजे शुगरची गोळी, शरीर मोडतच नाही, जशीच्या तशी लघवीतून बाहेर. नाशिकच्या गटारात एमडी शोधायला गेलो तर आधी मेटफॉर्मिनचाच डोंगर दिसेल.

पंपहाऊस

वर साहेबांनी छान सांगितलं पण सगळं लॅबमधलं झालं, मी गटाराकडून बोलतो. एका मलनिस्सारण केंद्रावर २२ वर्षं शिफ्ट केली, आता रिटायर. कुठलं केंद्र ते सांगत नाही, जुनी माणसं अजून नोकरीत आहेत.

पहिली गोष्ट, गटाराचं पाणी दिवसभर एकसारखं नसतं. सकाळी सातला लोंढा सुरू होतो तो दहा-साडेदहापर्यंत, पिवळट, घट्ट, साबणाचा फेस. दुपारी उतरतं. रात्री अकराला भांड्यांचं पाणी येतं, तेलकट तवंग दिसतो. आणि पहाटे तीनला इनलेटवर टॉर्च मारला तर खालचा तळ दिसतो इतकं निवळ, नवीन पोरांना खोटं वाटायचं. मग तुम्ही कुठल्या वेळचं पाणी नेणार सांगा. आमच्याकडे लॅबचा पोरगा सकाळी अकराला यायचा, दोरीला बांधलेली बादली टाकायची, एक कॅन भरायचा आणि चालू पडायचं. रजिस्टरला मात्र "२४ तास कंपोझिट". मी दोनदा बोललो, तिसऱ्यांदा माझीच रात्रपाळी लागली.

खरं कंपोझिट म्हणजे दर थोड्या वेळाने थोडं थोडं पाणी घ्यायचं, तेही जेव्हा लोंढा जास्त तेव्हा जास्त घ्यायचं. त्याला ऑटोसॅम्पलर लागतो, फ्रिजसारखा डबा असतो, आत बाटल्या, वर पंप. आणि फ्लो मीटर बरोबर पाहिजे. साहेबांनी जो गुणाकार केला त्यात १० कोटी लिटर हा आकडाच चुकला तर पुढचं सगळं पाण्यात.

दुसरी गोष्ट पावसाळा. लोक म्हणतात पाऊस पडला की पाणी पातळ होतं म्हणजे टेस्ट बेकार. तसं नाही, पातळ झालं तरी पाणी वाढलेलंच असतं, दोन्हीचा गुणाकार तोच यायला पाहिजे. अडचण वेगळी आहे. जोराचा पाऊस आला की येणारं पाणी पंपांना झेपत नाही, मग बायपास होतं, थेट नदीत. जे प्लांटमध्ये आलंच नाही ते मोजणार कुठून.

तिसरी गोष्ट सेक्रेटरी साहेब तुमच्यासाठी. सँपल बिंपल राहू द्या, आधी तुमची लाईन नक्की जाते कुठे ते बघा. नकाशात मनपाच्या ड्रेनेजला जोडलेली असते आणि प्रत्यक्षात बिल्डरने पावसाळी गटारात सोडलेली असते, अशा कितीतरी पाहिल्यात. सोपा उपाय सांगतो. रंगपंचमीचा ओला रंग घ्या, एका वेळी एकाच विंगच्या संडासात ओता, दोनतीन बादल्या पाणी मारा, आणि रस्त्यावरच्या मनपाच्या चेंबरचं झाकण उघडून एक माणूस बसवा. रंग आला तर जोडलेली आहे.

पंचवटीकर

मला एक सांगा, सिंहस्थात काय होणार? साधुग्राम तपोवनात, मैलापाण्याचा प्लांट पण तपोवनात 😄 चिलमी पेटल्या की नाशिकचा आकडा जगात एक नंबर येईल ना राव!

सातपूर_शिफ्ट

हसायचं सोड, प्रश्न एकदम मुद्द्याचा आहे, कारण भागाकार करायला माणसं किती होती हेच माहीत नसतं. एरवी जनगणनेचा आकडा धरतात, पण आपल्याकडे शेवटची जनगणना २०११ ची, तेव्हा नाशिक मनपात १४ लाख ८६ हजार माणसं होती, त्यानंतर पाथर्डी फाट्याला आणि गंगापूर रोडला किती बिल्डिंगा उभ्या राहिल्या ते तुम्हीच बघा. सिंहस्थात तर एका पर्वणीला लाखो माणसं येतात आणि संध्याकाळी निघून जातात. म्हणून काही ठिकाणी पाण्यातला अमोनिया मोजून माणसांचा अंदाज काढतात, माणूस श्रीमंत असो की गरीब, लघवी साधारण तेवढीच. नॉर्वेत ऑस्लोला तर मोबाईलच्या डेटावरून त्या दिवशी गटारावर किती माणसं होती ते काढलेलं आहे.

पण गांजा हा या टेस्टचा सगळ्यात अवघड विद्यार्थी. त्याचं मोडलेलं रूप लघवीत एक टक्काही येत नाही, बाकीचं बरंचसं शौचातून, आणि ते चिकट असल्यामुळे पाण्यात राहायच्या ऐवजी गाळाला चिकटतं. त्यामुळे उलटा गुणाकार दीडशेच्या पुढे जातो, मोजताना जराशी चूक झाली की तीही दीडशेपट. साधूबुवांचा आकडा छापायच्या आधी कोणीही शास्त्रज्ञ दहा वेळा विचार करेल.

द्वारका_सर्कल

बाकी सोडा, पोलीस हे वापरून घर शोधू शकतात का नाही? हो की नाही एवढंच सांगा.

सातपूर_शिफ्ट

घर नाही, पण चेंबर चेंबर वर सरकत गेलं तर बिल्डिंगपर्यंत पोचता येतं. २०२० मध्ये अमेरिकेत ॲरिझोना युनिव्हर्सिटीने एका हॉस्टेलच्या गटारात कोरोना पकडला, मग हॉस्टेलमधल्या सगळ्यांची टेस्ट केली, ३११ जणांत दोन पॉझिटिव्ह निघाले, दोघांनाही लक्षणं नव्हती. तिथे बरं झालं कारण आजार होता, लपवण्यासारखं काही नव्हतं. ड्रग्जसाठी असं लहान गटारावर करू नये यावर या क्षेत्रातले लोक स्वतःच नियम लिहून बसलेत, हॉस्टेल, जेल, शाळा यांचं नाव छापताना फार जपतात.

कारखाना मात्र कळू शकतो. नेदरलँड्समध्ये युट्रेक्टला २०११ साली एमडीएमएचा, म्हणजे पार्टीतल्या एक्स्टसीचा आकडा अचानक आभाळाला भिडला. एमडीएमएच्या रेणूची दोन रूपं असतात, डावा आणि उजवा हात असल्यासारखी. शरीर एक रूप पटपट संपवतं आणि दुसरं मागे राहतं, त्यामुळे लघवीत दोन्ही सारखी नसतात. युट्रेक्टच्या पाण्यात दोन्ही जवळपास सारखी निघाली, म्हणजे तो माल कोणाच्या पोटातून आलाच नव्हता, थेट गटारात ओतलेला. जवळच्याच एका बेकायदा कारखान्यावर धाड पडली होती, तिथलाच असावा. या एमडीएमएचा आणि नाशिकच्या एमडीचा घोळ करू नका हां, नाशिकचं एमडी म्हणजे मेफेड्रोन, ज्याला म्याव म्याव म्हणतात, ते आपल्याकडे २०१५ मध्ये एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात आलं. ते पाण्यात टिकायलाही नाजूक आहे, सँपल घेतल्या घेतल्या ॲसिड घालून पीएच खाली आणला नाही तर लॅबला पोचेपर्यंत कमी होऊन जातं.

मनमाड_लोकल

मी व्यसनमुक्तीच्या समुपदेशनात काम करते म्हणून दोन शब्द. इंदिरानगरकर दादा, तुमची भीती कळते.

सर्व्हेची अडचण मला रोज दिसते. समोर बसलेला मुलगा आईसमोर "फक्त सिगारेट" म्हणतो आणि आई चहा आणायला बाहेर गेली की बाकीचं सांगतो. सामाजिक न्याय मंत्रालयासाठी एम्सने जो देशभर सर्व्हे केला, २०१९ ला अहवाल आला, त्यात दारू घेणारे १४.६ टक्के, म्हणजे सुमारे १६ कोटी, भांग-गांजा २.८ टक्के आणि अफूवर्गातले पदार्थ २.१ टक्के. काम मोठं झालं, पण असा सर्व्हे दरवर्षी होत नाही, आणि माझ्याकडे येणारी नशा दर सहा महिन्यांनी बदलते. तिथे गटाराचा आकडा कामाचा. युरोपात २०११ पासून स्कोअर नावाचा गट दरवर्षी शहराशहरांचं एकेक आठवडा पाणी घेतो, १९ शहरांपासून सुरू करून आता शंभराच्या वर. सलग सात दिवस घेतात म्हणून कळतं की कोकेन आणि एमडीएमए शनिवार-रविवारी चढतं आणि गांजा आठवडाभर सपाट राहतो. मला हे वाचल्यावर पटकन पटलं, पार्टीवाला आणि सवयवाला हे दोन वेगळे पेशंट असतात, दोघांशी बोलायची पद्धत वेगळी.

पण आपल्या जिल्ह्यातली खरी दुखणी या टेस्टला दिसणार नाहीत किंवा अर्धवट दिसतील. मालेगावची कुत्ता गोळी घ्या, ती म्हणजे अल्प्राझोलाम, झोपेची आणि घाबरेपणाची साधी औषधाची गोळी. गटारात सापडली तर ती डॉक्टरच्या चिठ्ठीवरच्या आजीची की नाक्यावरच्या पोराची? पाणी सांगणार नाही, मेडिकलमध्ये किती खपली तो आकडा वजा करून बघावं लागेल. खोकल्याच्या औषधातल्या कोडीनचं तेच. आणि स्टेशनवरची लहान मुलं रुमालात चिकटवायचं सोल्यूशन ओढतात ती तर उघड्यावर राहतात, त्यांची लघवी कुठल्या प्लांटला जाते?

दादा, चेंबर तपासून तुमच्या हातात एक कागद येईल, "आढळले". मग त्या दहाबारा भाड्याच्या फ्लॅटमधल्या पोरांकडे सगळी बिल्डिंग कशी बघेल त्याचा विचार करा, आणि निघालेलं एखाद्या मालकाच्याच घरचं असू शकतं. माझ्या अनुभवात तेच जास्त वेळा असतं. मुलाशी बोलायचं असेल तर जेवताना समोरासमोर बसून नको, गाडीवर मागे बसवून बोला, नजर भिडत नाही म्हणून मुलं जास्त बोलतात.

भद्रकालीचा_भाऊ

ताई गाडीवरची आयडिया भारी. पण हे सगळं आपल्या इंडियात होईल का कधी? इथे ड्रेनेजची तक्रार केली तर तीन महिन्यांनी माणूस येतो.

पंपहाऊस

झालेलं आहे रे भो. मुंबईत २००१ पासून गटाराच्या पाण्यात पोलिओ शोधतात. कोरोनात बंगळुरू, हैदराबाद, पुण्याला पाणी तपासलंच ना. माणसं आहेत, बादली आहे, फक्त बादली अकराला टाकायची की चोवीस तास, एवढाच प्रश्न.

इंदिरानगरकर

सगळ्यांचे आभार, एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. काल मीटिंग झाली. सातपूर_शिफ्ट यांचा हिशोब मी कागदावर लिहून नेला होता, तीस ग्रॅमपर्यंत लोकांनी ऐकलं, नंतर चहा आला. काकांना मशीनची किंमत सांगितली तेव्हा ते गप्प बसले, पण त्यांना खरं पटलं ते ताईंचं, मालकाच्या घरातलं निघू शकतं म्हटल्यावर पाचशे रुपयांचा ठराव आपोआप मागे पडला. मुलाला काल पाथर्डी फाट्यापर्यंत गाडीवर घेऊन गेलो, परत येताना थोडं बोलला.

आणि पंपहाऊस काका, तुमचं ऐकून आज सकाळी रंगाचा प्रयोग केला. ए विंगला गुलाबी, बी विंगला हिरवा, तुम्ही म्हणालात तसं एका वेळी एकच विंग, पाऊण तासाच्या अंतराने. वॉचमनला रस्त्यावरच्या चेंबरवर बसवलं. ए विंगचा गुलाबी दहा मिनिटांत आला, लोक टाळ्या वाजवायला लागले. बी विंगचा हिरवा अर्धा तास झाला तरी येईना. मग मागच्या कंपाउंडच्या भिंतीवरून डोकावलं तर खालच्या नाल्यात हिरवं पाणी चाललेलं, आणि शेजारच्या बंगल्यातल्या बाई बाल्कनीतून व्हिडिओ काढत होत्या.

बी विंगमध्ये २४ फ्लॅट आहेत. १४ वर्षं आम्ही ड्रेनेजचा कर भरतोय. आता अर्ज कुठल्या ऑफिसला करायचा, विभागीय की मुख्य?

पंपहाऊस

विभागीय कार्यालयात, ड्रेनेज विभागाच्या नावाने. अर्जासोबत त्या बाईंचा व्हिडिओ जोडा. आणि बिल्डरचा मंजूर नकाशा शोधून ठेवा, पहिला प्रश्न तोच विचारतील.